घरात २०१२ पासून एकच कंपनी, बहिणीच्या इंजिनिअरिंगसाठी तीच घ्यावी की सोडावी?

मानेवाडा_दादा

मंडळी, जरा मोठं लिहून राहिलो पण पूर्ण वाचा. आमच्या घरी २०१२ पासून एकाच कंपनीचे कॉम्प्युटर आहेत. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाव लिहिलं की सगळी उत्तरं नावावरच येतात आणि प्रश्न बाजूला राहतो. पहिला डेस्कटॉप बाबांनी नागपूरच्या बर्डी मार्केटमधून आणला, २०१६ ला माझ्या कॉलेजसाठी लॅपटॉप आणि २०२१ ला आईला ऑनलाईन वर्ग घ्यायचे होते म्हणून तिच्यासाठी अजून एक.

२०१६ वाला जाडजूड आहे, वजनदार आहे, पण त्याच्या खाली एक छोटी झाकणी आहे, दोन स्क्रू काढले की रॅम आणि हार्डडिस्क समोर. मी २०१९ ला घरीच बसून ८ जीबी रॅम वाढवली, एसएसडी टाकली, आजही बाबा त्याच्यावर बँकेचं सगळं करतात. फक्त प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या जनरेशनचा असल्यामुळे विंडोज ११ घेत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून त्याच्यावर बँकेचं काम करू द्यावं की नाही ही वेगळी चिंता आहे.

२०२१ वाला एकदम स्लिम, दिसायला सुंदर. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी स्क्रीन उघडताना डाव्या बाजूने कट असा आवाज यायला लागला. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात टचपॅड वर उचललं गेलं, बॅटरी फुगली होती. खोलून घेतला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. आत हिंज बसवायला बारीक पितळी नट होते, ते गरम करून प्लास्टिकमध्ये दाबलेले असतात म्हणे. हिंज कालांतराने घट्ट होत गेला आणि रोज उघडबंद करून ते नट प्लास्टिकच्या तुकड्यांसकट उपटून बाहेर आले होते. पितळाला काहीच झालं नव्हतं, चकचकीत होतं. आणि रॅम ८ जीबी, बोर्डवरच सोल्डर म्हणजे डाख देऊन पक्की चिकटवलेली, स्लॉटच नाही. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी पूर्ण खालची बॉडी आणि बॅटरी मिळून जो आकडा सांगितला त्यात अजून थोडे टाकले तर जुना लॅपटॉप आला असता.

आता बहिणीला कॉम्प्युटर ब्रँचला ॲडमिशन मिळाली. बजेट ६५ हजारपर्यंत. बाबा म्हणतात तीच कंपनी घ्यायची, "एका बिजागरीसाठी इतक्या वर्षांचा संबंध तोडायचा का". मला त्यांचं पटतही नाही आणि पूर्ण खोडताही येत नाही, कारण २०१६ वाला खरंच अजून चालू आहे. घरी एसी नाही, कूलर आहे. चार वर्षं टिकायला पाहिजे. तुम्ही लोक कंपनी पाहून घेता की काय पाहून घेता?

---

बर्डी_रिपेअर

दादा मी बर्डीवर लॅपटॉपचंच काम करतो, सोळा वर्षं झाली. तुझ्या बाबांचंही चूक नाही आणि तुझंही नाही, कारण तुम्ही दोघं एका कंपनीबद्दल बोलून राहिले पण ते लॅपटॉप दोन वेगळ्या सिरीजचे आहेत. एकाच नावाखाली ३५ हजारचाही माल असतो अन् दीड लाखाचाही. पुष्कळ मोठ्या कंपन्या स्वतः लॅपटॉप बनवतही नाहीत, तैवानच्या क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेंटेक अशा कंपन्यांकडून बनवून घेतात. माझ्या टेबलवर दोन कंपन्यांचे लॅपटॉप उघडे पडले असले तं कधीकधी आतून भाऊ-भाऊ दिसतात, वरचा लोगो तेवढा वेगळा. म्हणून कंपनी चांगली की वाईट या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नाही, मॉडेल सांग, मग बोलू.

आता नागपूरचं सांगतो, कारण हे रिव्ह्यूवाले कोणी सांगत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असते की वापर ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत करावा. आपल्याकडे मे मध्ये पारा ४५ ला जाते, एसी नसलेली खोली दुपारी सहज ३८-४० असते. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची गरमी बाहेर टाकणारा धातूचा भाग, खोलीतल्या हवेपेक्षा थंड होऊच शकत नाही. म्हणजे जानेवारीत खोली २० वर असताना प्रोसेसर ७० वर चालत असेल तं तेच काम मे मध्ये त्याले ९० च्या आसपास घेऊन जाते, १०० च्या जवळ गेला की चिप स्वतःच स्पीड कमी करते. लोक म्हणतात लॅपटॉप स्लो झाला, व्हायरस आला. व्हायरस नाही भाऊ, उन्हाळा आला.

त्यात कूलर. कूलरची ओली हवा आणि रस्त्याची धूळ मिळून फॅन आणि हीटसिंकच्या जाळीमधात जो थर बसते तो भुकटी नसते, गोधडीचा तुकडा असल्यासारखा अख्खाच्या अख्खा चिमट्याने ओढून निघते. तो काढला, प्रोसेसर अन् हीटसिंकच्या मधातली वाळलेली पेस्ट बदलली की तोच लॅपटॉप पुन्हा शांत चालते. आता हे काम करायला बॉटम कव्हर साध्या स्क्रूने उघडते की नाही हे मी पहिले पाहतो. काही मॉडेलमध्ये फॅनपर्यंत जायला अख्खा मदरबोर्ड बाहेर काढा लागते. असल्या लॅपटॉपची कोणी वेळेवर सफाईच करत नाही, मग गरमीनं बॅटरीही लवकर जाते. तुझ्या आईच्या लॅपटॉपची बॅटरी मे मध्येच फुगली याचं मला काहीच नवल वाटलं नाही. फुगलेली बॅटरी घरात ठेवू नको मात्र, अन् दाबून बसवायचा प्रयत्न तं बिलकुल करू नको.

दुकानात गेला की तीन गोष्टी पाहजो. स्क्रीन एका हाताने एका कोपऱ्यातून उघडून पाहजो, बॉडी वाकते का. हवा खालून घेते की बाजूने ते पाहजो, कारण पोरं गादीवर ठेवून वापरतात. आणि कंपनीच्या साईटवर त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल मिळते का ते घरूनच पाहून जाजो. जी कंपनी मॅन्युअल उघड ठेवते तिनं तो लॅपटॉप कोणीतरी खोलेल असा विचार करून बनवला असते.

---

रायझन_प्रतापनगर

माझं मत थोडं वेगळं आहे. कंपनीवर निष्ठा ठेवायला हरकत नाही, पण कंपनीने ती कमवायला पाहिजे. मी २०१९ ला एएमडीचा रायझन ५ २६०० प्रोसेसर आणि बी४५० मदरबोर्ड घेतला. २०२२ ला फक्त प्रोसेसर काढून ५६०० टाकला, बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केला, बाकी सगळं तेच, रॅम तीच, पॉवर सप्लाय तोच. एएम४ सॉकेटवर (बोर्डवरची प्रोसेसर बसायची खोबण) २०१७ चा पहिला रायझनही बसला आणि २०२२ चा ५८००एक्स३डीही बसला. दुसरीकडे २०१७ मध्ये इंटेलने आठवं जनरेशन आणलं, पिनांची संख्या तीच ११५१, प्रोसेसर खोबणीत बसतोय, तरी जुन्या बोर्डवर चालत नाही, नवीन ३०० सिरीजचा बोर्ड घ्या. एक वर्ष आधी बोर्ड घेतलेल्या माणसाने काय करायचं? माझ्या मोठ्या भावाचं तेच झालं होतं, म्हणून मला हे अजून लागतं.

तुझ्या बहिणीला माझा सल्ला, घरी डेस्कटॉप घे आणि कॉलेजसाठी साधा सेकंडहँड लॅपटॉप. डेस्कटॉपमध्ये प्रोसेसरवर मोठा टॉवर कूलर लावता येतो, केसचा फॅन १०० रुपयांच्या ब्रशने घरी साफ होतो, एक पार्ट गेला की तेवढाच बदलायचा. नागपूरच्या गरमीत लॅपटॉपपेक्षा हेच बरं. यूपीएस मात्र घ्यायचा, पहिल्या पावसात लाईन किती वेळा जाते ते सगळ्यांना माहीत आहे.

---

इतवारी_इंटेल

रायझनभाऊ, अर्धीच गोष्ट सांगितली. मे २०२० मध्ये एएमडीने स्वतःच जाहीर केलं होतं की पुढचे रायझन तुमच्या बी४५० वर चालणार नाहीत, बायोसच्या चिपमध्ये जागा नाही वगैरे. लोकांनी जोरदार आरडाओरडा केला तेव्हा काही दिवसांत माघार घेतली. म्हणजे तुमचा ५६०० बी४५० वर बसला तो कंपनीच्या प्रेमामुळे नाही, ग्राहक बोलले म्हणून बसला. आणि एएमडी पुढे गेली तेव्हा तिनंही भाव वाढवलेच ना, ३६००एक्स २४९ डॉलरला आला होता, ५६००एक्स थेट २९९ ला, आणि स्वस्तातल्या साध्या ५६०० साठी लोकांना २०२२ पर्यंत थांबावं लागलं.

माझ्या घरी इंटेल आहे म्हणून मी इंटेलची बाजू घेतोय असं समजू नका. तेराव्या आणि चौदाव्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिप्सचं जे झालं ते मी रोज वाचत होतो, जास्त व्होल्टेजमुळे चिप कायमची खराब व्हायची, गेम मधातच बंद पडायचे, लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले आणि दोष प्रोसेसरमध्ये निघाला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट, आला, वॉरंटी दोन वर्षं वाढवली. वाढवली हे चांगलंच केलं. पण जे चिप आधीच बिघडले ते मायक्रोकोडने दुरुस्त होत नाहीत, बदलूनच घ्यावे लागतात, आणि त्यासाठी बिल जवळ पाहिजे. मी माझं बिल शोधायला दोन रात्री कपाट उपसलं. तेव्हापासून प्रत्येक बिलाचा फोटो काढून ठेवतो.

बाकी डेस्कटॉपचा सल्ला मला पटत नाही. कॉम्प्युटरच्या मुलीला लॅबमध्ये, मैत्रिणीकडे, प्रोजेक्टला, सगळीकडे लॅपटॉप न्यावा लागतो. ६५ हजाराचे दोन तुकडे केले तर दोन्ही अर्धवट येतील. आणि सॉकेट चार वर्षं टिकतो हे खरं, पण आपल्या ओळखीतल्या किती जणांनी खरंच फक्त प्रोसेसर बदललाय? रॅम आणि एसएसडी मात्र जवळपास सगळेच वाढवतात. जे खरंच होणार आहे त्याच्यावर पैसे लावा.

---

खामला_डिझाईन

मी इथे एकटीच मॅकवाली दिसतेय, तरी लिहिते. २०२१ पासून ॲपलचा एम१ चिपवाला मॅकबुक एअर वापरतेय. त्यात फॅनच नाही, त्यामुळे धूळ आत ओढली जात नाही, बर्डी_रिपेअर म्हणतात ती गोधडी बनायचा प्रश्नच नाही. लाईन गेली तरी काम थांबत नाही, बॅटरी अजून छान चालते. पण फॅन नाही म्हणून मे महिन्यात दुपारी व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की तो हळू होतो, जानेवारीत जे काम होतं त्याला जास्त वेळ लागतो. ॲपलनेही ३५ डिग्रीपर्यंतच वापरा असंच लिहिलंय. मी उन्हाळ्यात मोठी एक्स्पोर्ट रात्रीच लावते.

रॅमबद्दल मला प्रामाणिकपणे सांगायचंय. मी ८ जीबी घेतली आणि चूक केली. ती मेमरी प्रोसेसरच्या पॅकेजवरच असते, सीपीयू आणि ग्राफिक्स दोघं तीच वापरतात, त्याने स्पीड मिळतो हे खरं आहे. पण घेतानाच चार वर्षांपुढचं ओळखावं लागतं, आणि पुढचा टप्पा इतका महाग ठेवलेला असतो की माणूस मन मारून खालचं घेतो. मॅकबुकमध्ये १६ जीबीपासून सुरुवात करायला ॲपलला २०२४ चा ऑक्टोबर उजाडला. त्याच्या आधी ८ जीबी पुरते असं सांगून विकलेल्या सगळ्या मशीन तशाच राहिल्या, त्यात काहीच टाकता येत नाही. मला माझं मशीन खूप आवडतं आणि या गोष्टीचा रागही येतो, दोन्ही एकदमच.

बहिणीची ब्रँच कॉम्प्युटर आहे तर कोडिंगसाठी मॅक चालेल. पण पहिल्या वर्षी ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर काय लागतं ते कॉलेजमध्ये विचारून घ्या, सॉलिडवर्क्ससारखी काही सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतात.

---

जुना_लाल_बटण

थिंकपॅडच्या कीबोर्डमधल्या, माऊससारख्या चालणाऱ्या लाल बटणावर जीव असलेल्यांपैकी मी. रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड टी४८० वापरतो, २०१८ चं मॉडेल. दोन रॅम स्लॉट, बॅटऱ्याही दोन, एक आत आणि एक बाहेरून काढता येणारी, लॅपटॉप चालू असतानाच बाहेरची बदलली तरी बंद पडत नाही. आठवं जनरेशन म्हणून विंडोज ११ अधिकृतपणे चालतं.

पण निष्ठेचा प्रश्न आलाय म्हणून एक गोष्ट सांगतो, मी स्वतः फसता फसता राहिलो. माझ्या मित्रासाठी तसाच घ्यायला गेलो, दुकानदाराने टी४८०एस दाखवला, पातळ, हलका, भाव थोडाच जास्त, मी जवळपास हो म्हटलं होतं. नावात एक एस वाढला की एक रॅम स्लॉट जातो, अर्धी रॅम बोर्डवर सोल्डर, बाहेरची बॅटरीही नाही. त्याच घरातल्या एक्स१ कार्बनमध्ये तर सगळीच रॅम सोल्डर. टी१४ च्या सुरुवातीच्या पिढ्यांत एक स्लॉट आणि बाकी सोल्डर, आणि मग २०२४ ला पाचव्या पिढीचा टी१४ आणताना त्यांनी दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिटला सोबत घेतलं आणि दोन्ही स्लॉट परत दिले. नाव तेच, लाल बटण तेच, आतलं दर दोन वर्षांनी बदलतंय. मग मी निष्ठा नेमकी कशावर ठेवायची, सांगा.

पातळ लॅपटॉपला सोल्डर करावंच लागतं हेही आता पूर्ण खरं राहिलं नाही. कमी वीज खाणारी एलपीडीडीआर मेमरी प्रोसेसरच्या अगदी जवळ लागते म्हणून सोल्डर करतात, हे कारण खरं होतं. पण एलपीकॅम२ नावाचं स्क्रूने बसणारं मॉड्यूल आलं, २०२४ चा थिंकपॅड पी१ त्याच्यावरच आला. महाग आहे, आपल्या बजेटमध्ये नाही, पण रस्ता आहे हे कळलं.

रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर दुकानातच बायोसमध्ये जाऊन बघायचं, सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंगला लावलेलं कुलूप) लागलेला असेल तर हात लावू नका, ऑफिसमधून निघालेल्या मालात हे असतं आणि नंतर कोणी काढून देत नाही. विंडोजमधली बॅटरी रिपोर्टची कमांड चालवून मूळ क्षमता आणि आजची क्षमता किती ते तिथंच बघा.

---

मानेवाडा_दादा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हे सगळं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी मधेच थांबवलं आणि २०१६ वाला उलटा करून त्याच्या खालचं झाकण बोटाने चाचपत बसले. मग म्हणाले, मला वाटायचं कंपनी चांगली आहे म्हणून हा टिकला. मी म्हटलं बाबा, हा उघडता येत होता म्हणून आपण टिकवला. ते काही बोलले नाहीत, पण सकाळी स्वतःच म्हणाले चल बर्डीला.

एक विचारायचं होतं, रॅम आपण वाढवली तर वॉरंटी जाते का? आणि सर्व्हिस सेंटरने टाळाटाळ केली तर कुठे जायचं? आईच्या लॅपटॉपच्या वेळी आम्ही नुसते चकरा मारत राहिलो.

---

बर्डी_रिपेअर

पुष्कळ कंपन्या रॅम आणि एसएसडी ग्राहकाने बदललेली चालवून घेतात, वाढवताना काही तुटलं तर तेवढं वॉरंटीत घेत नाही. पण तोंडी हो वर जाऊ नको, मॉडेल नंबर टाकून कस्टमर केअरला मेल कर आणि उत्तर जपून ठेव. शक्य असलं तं ऑनसाईट वॉरंटी घे, घरी येऊन करतात, परीक्षेच्या वेळी लॅपटॉप पंधरा दिवस जमा करायची पाळी येत नाही.

टाळाटाळ केली तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकायची, जॉबशीट (जमा करताना सर्व्हिस सेंटर देते ती पावती) नंबरसकट. त्याच्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, ५ लाखापर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, ऑनलाईन अर्ज करता येतो. राइट टू रिपेअरचं सरकारी पोर्टलही २०२२ च्या डिसेंबरपासून आहे, कंपन्यांची दुरुस्तीची अन् पार्टची माहिती एका जागी मिळावी म्हणून काढलं, घ्यायच्या आधी एकदा पाहून घे. अन् दर वेळी जमा करताना जॉबशीटवर काय तक्रार लिहिली ते वाचूनच सही करजो. ग्राहक सांगते एक, लिहिलेलं असते दुसरं, अन् मग सगळं तिथंच अडकते.

---

मानेवाडा_दादा

आज घेतला. कंपनी तीच, बाबांची. पण सिरीज वेगळी, ऑफिसवाली, जराशी जाड. आठ स्क्रूने खालचं कव्हर निघतं, दोन रॅम स्लॉट, मॅन्युअल साईटवर आहे, मी कालच डाउनलोड करून ठेवलं होतं. दुकानदार आधी दुसराच दाखवत होता, त्याच किमतीत चांगली स्क्रीन, मेटल बॉडी, दिसायला खरंच छान, बहिणीला तोच हवा होता. बाबांनी विचारलं रॅम वाढते का. तो म्हणाला काका आता कोणीच वाढवत नाही, १६ आहे ना, खूप झाली. बाबा म्हणाले आम्ही वाढवतो, दुसरा दाखवा. मग त्यांनी एका हाताने कोपऱ्यातून तीन-चार वेळा उघडबंद करून पाहिला, दुकानातली पोरं बघत होती.

स्क्रीन थोडी फिकी आहे हे कबूल करतो, बहीण आत्ता थोडी नाराज आहे. १६ जीबीची एकच स्टिक आहे, दुसरा स्लॉट रिकामा. आत्ताच दुसरी घ्यावी की थांबावं?

---

बर्डी_रिपेअर

पहिलं सेमिस्टर होऊ दे, मग घेजो. एका स्टिकवर आतलं ग्राफिक्स थोडं मंद चालते, कोडिंगला काही फरक पडत नाही. घेताना पहिल्या स्टिकवरचं स्टिकर वाचून त्याच स्पीडची आणजो, अन् फेब्रुवारीत, कूलर सुरू व्हायच्या आधी, एकदा फॅन साफ करून घेजो.